सदतिसाचा पहारा

१

बक्षिसाच्या यादीवर सह्या व्हायच्या दिवशी पाचशे ब्याण्णव नंबरचा डबा दोनदा निघाला आणि निवृत्ती पगारेच्या नोकरीवर गदा आली.

ही एक्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा नाशिकला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. तोंडाने मी फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला लागायला नको.

चिंतामण दीक्षित गुरुजींची चिठ्ठी आली, ‘शैला, असशील तशी ये.’ गुरुजी म्हणजे माझे शाळेतले गुरू. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत. निवृत्त झाल्यावर ते कांदा बियाणे स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष झाले होते. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पाव-पाव किलो कांद्याचं बी पाठवायचं, समितीने ते उगवून बघायचं आणि ज्याचं बी सगळ्यांत जास्त उगवेल त्याला मानाची ढाल द्यायची, अशी ती स्पर्धा. समितीचं दोन खोल्यांचं ऑफिस शालिमारजवळ होतं. मी शाळा सुटल्यावर तशीच गेले.

“सत्तावीस शेतकरी, सत्तावीस डबे,” गुरुजींनी मला बसूही दिलं नाही. “कुणाचं बी कुठलं हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून नावाऐवजी नंबर. नोंदणी क्रमांकाला सदतीसने गुणायचं. पहिल्याचा डबा ०३७, दुसऱ्याचा ०७४, असं करत सत्ताविसाव्याचा ९९९. यादी ठेवायलाच नको, म्हणजे चोरीला जायचीही भीती नाही. आणि कुणी नंबरात ढवळाढवळ केलीच, तर त्या नंबरला सदतीसने भाग जाणार नाही. सदतीस हा माझा पहारेकरी!”

“मग बिघडलं काय?”

“आज डबे ओळीने लावले. २५९ नाहीच. आणि ५९२ दोन आहेत.”

मी मनात भाग दिला. २५९ म्हणजे सात नंबर, ५९२ म्हणजे सोळा.

“सात नंबर दिंडोरीच्या कुसाबाईंचा,” गुरुजी म्हणाले. “तिचं बी शंभरात शहाण्णव उगवलं. पहिला नंबर तिचाच. सोळा नंबर सिन्नरकडच्या काळू गांगुर्डेचा. त्याचं एकाहत्तर. आणि काळू गांगुर्डे आपल्या निवृत्तीचा सख्खा मामा.”

निवृत्ती समितीचा हंगामी कारकून होता. त्याची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती. त्याच्या पगारावर घरची पाच माणसं होती, हे मला तिच्याकडूनच ठाऊक होतं.

“आता ऐक,” गुरुजी बोट उभारून म्हणाले, जसे वर्गात म्हणत. “कुसाबाईचं बी ५९२ नंबरच्या नव्या डब्यात भरलं आणि मामाचा जुना डबा घाईत काढायचा राहिला. अनोळखी माणसाने नंबर बदलला असता तर तो सदतिसाच्या पटीतला निघण्याचा संभव सदतिसात एक. हा बरोबर पटीतला निघाला. म्हणजे बदलणाऱ्याला सदतीस माहीत होता. तो दोघांनाच माहीत आहे, मला आणि निवृत्तीला. मी तर बदलला नाही.”

गणित बिनतोड होतं. ते बिनतोड होतं याचाच मला राग आला.

“सोमवारी त्याला कायम करायचा कागद निघणार होता,” गुरुजी खिडकीकडे बघत म्हणाले. “आता सोमवारी पोलिसांत कागद जाईल.”

“आज गुरुवार आहे. सोमवारपर्यंत मला डबे बघू द्या, गुरुजी.”

“डब्यात काय बघणार तू?”

काय बघणार ते मलाही माहीत नव्हतं. पण कपाट उघडलं आणि पहिलाच डबा हातात घेतल्यावर मी चक्रावले. झाकणावर नंबर सरळ लिहिलेलाच नव्हता.

२

निवृत्ती बाहेर पायरीवर बसला होता. आत यायची त्याला मनाई झाली होती. मी डबा घेऊन त्याच्या शेजारी बसले.

“हा नंबर वाचायचा कसा?”

“झाकणाला आतून तीन दात आहेत, बाई. डब्याच्या गळ्याला तीन खाचा. दात खाचेत बसवून पिळलं की झाकण घट्ट बसतं. प्रत्येक दातावर वरून एकेक आकडा ठोकलाय, गोल. आता कुठून सुरुवात करायची? तर डब्याच्या गळ्याला एका खाचेखाली बारीक ठिपका आहे. ठिपक्यावर जो आकडा येईल तो पहिला. पुढे घड्याळाच्या काट्यासारखं वाचायचं.”

ठिपका सांगितला म्हणून दिसला. खसखशीच्या दाण्याएवढा होता.

“ही कल्पना कुणाची?”

“गुरुजींची. म्हणाले, एकावर एक कुलूप. परका माणूस आला तर त्याला नंबरच वाचता येऊ नये.”

“ठिपका कुणाकुणाला माहीत आहे?”

“गुरुजी, मी, आणि सगुणाबाई. त्या बी मोजायला डबे उघडतात.”

“आणि सदतीस?”

“फक्त गुरुजी आणि मी. सगुणाबाईंना नंबर नुसता वाचायला शिकवलाय.”

“कपाटाची किल्ली?”

“एक गुरुजींकडे, एक माझ्याकडे, एक समितीच्या गोविंदरावांकडे. चौथं कोणी नाही. सगुणाबाईंना मी उघडून देतो आणि शेजारी उभा राहतो.”

“उगवणीचे आकडे कुणी पाहिले?”

“सगळ्यांनीच. तक्ता भिंतीवर लावलाय. नाव कुठं आहे त्याच्यावर? नुसते नंबर.”

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. तो माझ्या पेन्सिलीकडे बघत होता. उत्तरं त्याने शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखी दिली, एक शब्द जास्त नाही.

“अजून काही विचारायचंय का, बाई?”

“नाही, एवढं पुरे,” मी म्हणाले आणि उठले. मला घाई होती.

आत वळले तर कपाटासमोर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उभे होते आणि मला बघून हसत होते.

३

हे गोविंदराव बोराडे. रविवार कारंजावर बियाण्यांचं दुकान, समितीचे सभासद, ढालही त्यांनीच दिलेली. अशा माणसांचं हसू सगळीकडे सारखंच असतं, समोरच्याला जरा खाली ढकलणारं.

“बाई, कशाला जिवाला त्रास करून घेता? तरणं पोर आहे. मामासाठी केलं. रक्ताचं नातं म्हटल्यावर माणूस चुकतोच. पोलिसांत द्या म्हणून मीच गुरुजींना सांगितलं.”

“तुम्ही डबे बघितले होते का?”

“मी? छे! माझा धंदाच बियाण्याचा. उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून मी डब्याला हातसुद्धा लावला नाही. किल्ली दिलीय त्यांनी, पण ती घरी खुंटीवरच असते, म्हणा ना.”

“चांगलं आहे,” मी म्हणाले. ते गेल्यावर त्यांचं वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं.

सगुणाबाई मागच्या खोलीत होत्या. ओल्या गोणपाटावर शंभर-शंभर दाणे मांडून कोंब मोजायचं काम त्यांचं. मखमलाबादकडच्या, बोलायला रोखठोक.

“झाकण लावताना कधी चूक होते का हो तुमची?”

“माही? नाय बा! ठिपका बगितल्याबिगर म्या झाकण लावत नाय. निवृत्तीभाऊ लय कडक हाय. डोक्यावर उभा ऱ्हातो.” मग त्यांनी आवाज उतरवला. “बाई, त्या पोरानं बी चोरलं असं म्हनत्यात. कांद्याचं बी समदं काळंच असतंय. नंबर नसंल तर मला तीस वर्सं मोजणारीला वळखू येत नाय, तर चोराला काय येनार?”

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी कळली.

दोन ५९२ मधला एक डबा मी मांडीवर घेतला. हाताला चाळा म्हणून झाकण उघडलं, एक खाच पुढे सरकवलं आणि परत पिळलं. ठिपक्यावर आता २ आला होता. पुढे ५. पुढे ९.

२५९.

मी डबा खाली ठेवला. हरवलेला डबा हरवलाच नव्हता. तो सगळा वेळ कपाटात होता, फक्त टोपी वाकडी घालून बसला होता. कुणी तो उघडला आणि लावताना झाकण चुकीच्या खाचेत बसवलं, एवढंच झालं होतं.

पण मग गुरुजींचा पहारेकरी काय करत होता? झाकण कसंही फिरलं तरी नंबर सदतिसाच्या पटीतच का यावा? मी आणखी एक खाच फिरवली. ९२५. सदतीस पंचवीस, नऊशे पंचवीस! दुसरा डबा घेतला, ०७४. फिरवला तर ७४०, म्हणजे सदतीस वीस. परत फिरवला, ४०७. सदतीस अकरा.

मी दोन्ही झाकणं होती तशी परत बसवली. मग कागद ओढला.

४

तिसापर्यंतचे पाढे आपण पोरांकडून घोकून घेतो, सदतिसाच्या वाटेला कुणी जात नाही. त्यामुळे हा आकडा आतून कसा आहे ते फारसं कुणाला दिसत नाही. गुरुजींना सदतीस त्रिक एकशे अकरा एवढं आवडायचं. त्याच्या पुढे त्यांनीही पाहिलं नव्हतं.

२५९ ला दहाने गुणा. २५९० झाले. पुढचा २ हजारांच्या घरात गेला. तो तिथून उचलून शेवटी एककात ठेवायचा, म्हणजे दोन हजार वजा करायचे आणि दोन मिळवायचे. म्हणजे दोनदा ९९९ वजा. उरले ५९२. आता ९९९ म्हणजे काय? सदतीस गुणिले सत्तावीस! पटीतल्या संख्येला दहाने गुणलं आणि तिच्यातून पटीतलीच संख्या काढली, तर उरणारी पटीतलीच राहणार. तीन आकडी पटीतली कुठलीही संख्या घ्या, पुढचा आकडा मागे टाका, सदतीस तिला सोडत नाही.

गुरुजींनी एकावर एक दोन कुलपं लावली होती, आणि एकाची किल्ली दुसऱ्यात बसत होती. झाकण फिरण्याची चूक तेवढी त्यांच्या पहारेकऱ्याला दिसत नव्हती. आणि नेमकी तीच चूक झाली होती.

म्हणजे नंबर बदलणाऱ्याला सदतीस ठाऊक असायची काहीच गरज नव्हती. निवृत्तीविरुद्धचा एकमेव पुरावा गेला. मला इतका आनंद झाला की मी सगुणाबाईंना मिठीच मारणार होते.

पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालेले लोक, संन्याशाला सोडल्यावर चोर मागतातच. डबा उघडला कुणी? आणि कशासाठी?

शुक्रवारी मी तराजू मागवला. प्रत्येक डब्यात पाव किलो बी होतं. मोजायला काढलेले शंभर दाणे म्हणजे चिमूटभरही नाही. चोवीस डबे बरोबर भरले. तीन भरले नाहीत. दोन्ही ५९२, आणि तिसरा ९२५. तिन्हींत मूठ-मूठभर बी कमी.

सगुणाबाई म्हणाल्या, “चांगलं बी एका डब्यात. चोरानं तीन कशाला उघडले?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या एका प्रश्नात चोराचं नाव होतं.

५

सोमवारी मी पाऊण तास आधी गेले. गुरुजींना आधी एकट्यात सांगावं असं फार वाटत होतं. ज्यांनी मला भागाकार शिकवला त्यांची चूक चारचौघांत काढायची, हे मला नको होतं. पण आधी सांगितलं असतं तर गुरुजी सरळ माणूस, त्यांनी ते तोंडावर दाखवलं असतं आणि पक्षी उडाला असता. म्हणून मी आधी सगुणाबाईंना गाठलं.

मोठ्या टेबलावर सगुणाबाईंनी सत्तावीस डबे मिसळून मांडले होते. गुरुजी, गोविंदराव आणि तिसरे सभासद जयरामभाऊ, ओझरकडचे द्राक्षवाले, एवढे जमले. निवृत्ती दाराबाहेर उभा होता.

“जयरामभाऊ, तुम्ही याआधी हे डबे पाहिलेत?”

“नाय बा. म्या बैठकीला येतो, चहा पितो आन् जातो.”

“मला सातशे चाळीसचा डबा काढून द्या. झाकणावर आकडे आहेत.”

“आता ह्या वयात परीक्षा?” ते हसत टेबलाभोवती फिरले, झाकणं न्याहाळली आणि एक डबा उचलून माझ्यासमोर ठेवला. “ह्यो घ्या. सात, चार, शून्य.”

गुरुजी काही बोलणार होते. मी त्यांना नजरेने थांबवलं.

“छान. गोविंदराव, तुम्ही मला नऊशे पंचवीस द्या.”

गोविंदराव उठले. त्यांनी एक डबा काढून डाव्या हाताला ठेवला. पुढे सरकले. दुसरा काढला, त्याच्याशेजारी ठेवला. मग टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन तिसरा आणला.

“तीन आहेत हे,” ते म्हणाले. “यातला कुठला देऊ?”

या प्रश्नाचा अर्थ फक्त मला आणि सगुणाबाईंना कळला.

“गोविंदराव, जयरामभाऊंना पहिला डबा मिळाला आणि ते थांबले. तुम्ही का थांबला नाहीत?”

“म्हणजे?”

“झाकणं न पाहिलेला माणूस एक डबा शोधतो. तुम्ही तीन शोधलेत. हे आकडे तीन झाकणांवर आहेत, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं.”

“ते... पाचशे ब्याण्णव दोन निघाले, अशी चर्चा झालीच होती की!”

“मी पाचशे ब्याण्णव मागितला नव्हता. ९२५ हा त्यांचाच भाऊबंद आहे, हे डबा हातात धरल्याशिवाय कळत नाही. आणि तुम्ही हातसुद्धा लावला नाही, हे तुमचं वाक्य माझ्या वहीत आहे.”

मग मी गुरुजींकडे वळले. त्यांच्याकडे बघून बोलणं जड गेलं, पण बोलले. झाकण फिरवून दाखवलं, ९९९ चा हिशोब खडूने पाटीवर मांडला. गुरुजी पाटीकडे बघत होते. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“बी चोरणाऱ्याने भिंतीवरचा तक्ता वाचला,” मी म्हणाले. “२५९ सगळ्यांत उत्तम. कपाट उघडलं, तर २, ५ आणि ९ तीन झाकणांवर. ठिपका माहीत असता तर त्याने एकच डबा उघडला असता. माहीत नव्हता, म्हणून तिन्हींतून मूठ-मूठ घेतली. एक ना एक मूठ खरी असणारच. झाकणं लावली कशीही. दोन योगायोगाने बरोबर बसली, एक चुकलं. निवृत्तीने तर ते ठिपके स्वतः ठोकलेत. सगुणाबाईंकडे किल्ली नाही. किल्ली असलेला आणि ठिपका माहीत नसलेला माणूस या समितीत एकच आहे.”

गोविंदरावांची टोपी हातात आली होती. “मूठभर बी,” ते म्हणाले. “मूठभर बियाण्याला काय एवढं! तीन वर्षं लावून वाढवलं असतं, आपल्याच शेतकऱ्यांना विकलं असतं ना?”

“कुसाबाईला इचारून न्यायचं व्हतं की मग,” जयरामभाऊ एकदम कडाडले. “आन् त्या पोराला पोलिसात धाडायला तुमीच पुढं व्हते!”

गोविंदराव टोपी न घालताच बाहेर पडले. दाराशी निवृत्तीने त्यांना वाट करून दिली.

६

गुरुजींनी पाटीवरच्या ९९९ कडे बोट केलं. मग म्हणाले, “शैला, किती वर्षं मी हा आकडा मिरवला.” एवढंच. मी उगाच पाटी पुसायला घेतली. त्यांनी नको म्हणून हात केला.

“तिन्ही डब्यांतलं बी परत मांडलं की दहा दिवसांत उगवून येईल, कुसाबाईंचा डबा कोणता ते सगुणाबाई सांगतील,” मी म्हणाले. “ढाल तिची तिला जाईल.”

“हो. आणि निवृत्तीला आत बोलवा.”

निवृत्ती आला. चार दिवसांत गालफडं बसली होती. गुरुजींनी खणातून नेमणुकीचा कागद काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

“निवृत्ती, सगळं स्वच्छ झालं. आजपासून तू कायम. ही सही करतो.”

“गुरुजी, थांबा. एक राहिलंय.”

“काय राहिलं?”

“गुरुवारपासून तुम्ही गणित मांडलं. बाईंनी पण मांडलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.” तो टेबलाजवळ आला. “पण चार दिवसांत मला कुणी विचारलंच नाही, की निवृत्ती, तू घेतलंस का? आई पण बोलली, तुझ्या साहेबांनी तुला इचारलं काय? मी काय सांगू तिला?”

माझा खडू हातातच राहिला. किल्ली विचारली, ठिपका विचारला, सदतीस विचारला. तो पायरीवर बसून वाट बघत होता आणि मी एवढं पुरे म्हणून उठले होते. मला तेव्हा माझीच लाज वाटली, आजही वाटते.

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. टेबलाला धरून ते उभे राहिले. शाळेत कुठल्याही मुलासाठी ते असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

“निवृत्ती, डब्यातलं बी तू घेतलंस का?”

“नाही, गुरुजी.”

गुरुजींनी मान हलवली, खाली बसले आणि मग सही केली.